गळा कुणाचा, नाव कुणाचं?

गाणं नसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? अमेरिकन लष्करातल्या एका डॉक्टरनं तशी अख्खी जमातच पाहिली म्हणे. जोनाथन लेटरमन त्याचं नाव. नवाहोंच्या मुलखात, फोर्ट डिफायन्सच्या ठाण्यावर तो राहिला आणि स्मिथसोनियन संस्थेच्या १८५५ च्या अहवालात त्यानं ठोकून दिलं: यांना धर्म नाही, पूर्वजांच्या कथा नाहीत, गाणं म्हणजे नुसतं गुरगुरणं.

पुढं १८६३-६४ मध्ये त्याच लष्करानं नवाहोंचा मका जाळला, पीचची झाडं तोडली. हजारो माणसं पायी हाकत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेऊन कोंडली. १८६८ पर्यंत. ज्याला आठवण नाही तो माणूस नाही. आणि जो माणूस नाही त्याला हाकायला काय लागतं? साहेबाचा कागद आधी निघतो, बंदूक मागनं येते.

१८८० मध्ये त्याच मुलखात, फोर्ट विंगेटला, दुसरा लष्करी डॉक्टर आला. वॉशिंग्टन मॅथ्यूज. याआधी मिसूरी नदीकाठी हिदात्सांमध्ये राहून त्यानं त्यांच्या चालीरीती, व्याकरण, शब्दकोश लिहून काढला होता. ते पुस्तक १८७७ चं. इथं तो नवाहो गायकांपुढं बसला. ऐकलं, लिहून घेतलं. निघालं काय? नऊ रात्री चालणारा विधी. गाण्यांमागून गाणी, सगळी तोंडपाठ. गाताना चूक झाली तर विधी फुकट. लिपी नसलेल्या माणसांची ही शिस्त! पाठांतराचा मक्ता वेदवाल्यांचाच, असं आपल्याला ऐकवणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

म्हंजे गाणं तिथंच होतं. लेटरमनला कान नव्हते.

मग मॅथ्यूजपुढं हात जोडायचे? मी जोडणार नाही. पगार त्याच लष्कराचा. पण त्याचं पुस्तक जाळणारही नाही. १८९७ च्या ‘नवाहो लेजंड्स’मध्ये त्यानं सांगणाऱ्या गायकांची नावं दिली, एवढं त्याच्या पदरात टाकतो. तरी कव्हरवर नाव मॅथ्यूजचंच.

हिदात्सांकडं पुढं गिल्बर्ट विल्सन नावाचा पाद्री गेला. बफेलो बर्ड वुमन या बाईनं त्याला मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल कसं लावायचं ते बारीकसारीक सांगितलं. तिच्या मुलानं, एडवर्ड गुडबर्डनं, त्याचं इंग्रजी केलं. १९१७ मध्ये पुस्तक निघालं. शेत तिचं, अक्कल तिची, तोंड तिचं. पीएचडी विल्सनला.

याच विल्सननं १९०७ मध्ये तिच्या भावाकडून, वुल्फ चीफकडून, कुळाचं पवित्र गाठोडं विकत घेतलं. ते गेलं न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये. पाऊस आणणारं गाठोडं काचेआड! दुष्काळात हिदात्सांनी ते परत मागितलं. १९३८ मध्ये दोन म्हातारे न्यूयॉर्कला गेले आणि घेऊनच आले. दोस्तांनो, हे लक्षात ठेवा. गेलेलं परत मागता येतं.

जमीन मात्र परत आली नाही. १९५० च्या दशकात गॅरिसन धरणानं नदीकाठची काळी जमीन बुडवली. आज ती शेती पाण्याखाली आहे, आणि त्या बाईचं बोलणं कागदावर. म्हणून मी पुस्तक जाळा म्हणत नाही. पुस्तकावरचं नाव बदला म्हणतो.

हे मी का लिहितोय? माझ्या आजीच्या ओव्याही एक संशोधक बाई टेप करून घेऊन गेल्या. चहा प्यायल्या, फोटो काढला. पुस्तक आलं तेव्हा ओवीखाली छापलं होतं: ‘एक दलित स्त्री, वय अंदाजे साठ’. आजीला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “नाव इचारलं हुतं की रं तिनं.”

वुल्फ चीफनं मोठेपणी इंग्रजी लिहायला शिकून वॉशिंग्टनच्या सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. आपल्याला तर लिहिता येतं, खिशात मोबाईल आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या रोज एकेक करून चालल्यात. साहेबाची वाट कशाला बघायची? बसा त्यांच्यापुढं. लिहून घ्या. आणि सगळ्यात आधी, ओवीच्याही आधी, तिचं नाव लिहा.