‘सत्या’मधलं सत्य कुणाचं?

रामगोपाल वर्मांचा ‘सत्या’ जुलै १९९८ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला. मधल्या सत्तावीस वर्षांत त्याची कीर्ती वाढतच गेली. गुन्हेगारी जगाचं इतकं वास्तव चित्रण हिंदीत दुसरं नाही, असं म्हटलं जातं. भिकू म्हात्रे रंगवणाऱ्या मनोज बाजपेयींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्याकडे विष्णुपुरीत विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास खोल्या करून राहणारी पोरं सिनेमा आला तेव्हा जन्मलीही नव्हती, पण भिकूचे संवाद त्यांना पाठ आहेत. म्हणून आपण विचारायला हवं, की वास्तव म्हणजे नेमकं कुणाचं वास्तव?

सिनेमाचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. आधीच्या हिंदी सिनेमातला खलनायक आलिशान अड्ड्यात बसून हुकूम सोडायचा. इथला गुंड बायकोशी भांडतो, मित्राच्या गळ्यात पडतो आणि पुढच्या क्षणी क्षुल्लकपणे मरतो. टोळी, पोलीस आणि महापालिकेचं राजकारण एकमेकांत कसं गुंतलेलं असतं, हेही तो स्पष्ट दाखवतो. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांच्या लेखणीत पुरुषांचं जग जिवंत झालं आहे.

पण विद्याकडे पाहा. उर्मिला मातोंडकरने साकारलेली ही मुलगी आजारी वडिलांचं घर सांभाळत गायिका होण्यासाठी धडपडते. समोरच्या खोलीत राहणारा, आपल्यावर प्रेम करणारा माणूस काय करतो, हे तिला शेवटपर्यंत कळत नाही. तिला गाण्याची संधी मिळते ती सत्याच्या टोळीने संगीतकाराला धमकावल्यामुळे, आणि हेही तिला ठाऊक नसतं. बाईच्या कर्तृत्वाचा निर्णय तिच्या पाठीमागे, पिस्तुलाच्या जोरावर होतो आणि सिनेमा त्याला प्रेम म्हणतो. प्रेक्षकही म्हणतात. तिचं अजाणपण हा सिनेमाच्या सोयीचा भाग आहे, कारण ती जाणती असती तर तिने प्रश्न विचारले असते. अखेरीस सत्य कळल्यावर ती त्याच्यासाठी दार उघडत नाही. तिचा स्वतःचा असा हा एकच निर्णय, पण तोवर सिनेमा संपत आलेला असतो आणि कॅमेऱ्याला दाराबाहेरच्या पुरुषाचीच काळजी असते.

भिकूची बायको प्यारी अधिक खरी आहे. शेफाली छाया (आताच्या शेफाली शाह) यांना या छोट्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. नवरा काय करतो हे प्यारीला पक्कं माहीत आहे. त्याच पैशावर घर चालतं, हेही माहीत आहे. इथे खरी गोष्ट सुरू होऊ शकली असती. पण भिकू मारला जातो, प्यारी कोसळते आणि कथा सूड घ्यायला पुढे निघून जाते. मुलांना घेऊन राहिलेल्या प्यारीचं पुढे काय झालं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

समुपदेशनाच्या कामात आम्हाला भेटतात त्या नेमक्या या प्यारी. नवरा तुरुंगात गेला की वकिलाचे पैसे कुठून आणायचे? सासरचे घराबाहेर काढतात, वस्तीत कुणी काम देत नाही, शाळेत मुलांना बापाच्या नावाने चिडवतात. १९९९ साली राज्यात मोक्का आला. त्याखाली जामीन फार कठीण, त्यामुळे तारखांना हेलपाटे घालण्यात बाईची वर्षं जातात. या बायकांनी गुन्हा केलेला नसतो, पण शिक्षेत त्यांचा वाटा असतो.

काही मित्र म्हणतात, सिनेमा पुरुषांच्या जगावर आहे, त्यात बायका कमीच असणार. हे पटत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या घरांतली कितीतरी मुलं टोळ्यांत गेली. त्या काळात घरं कुणी चालवली? खानावळी चालवणाऱ्या, मसाले कुटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी. त्याच गिरणगावात प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये खानावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली होती. नव्वदच्या दशकातल्याच ‘अधांतर’ या नाटकात जयंत पवारांनी एक मुलगा टोळीत गेलेलं गिरणी कामगाराचं घर दाखवलं, आणि त्या घराचा कणा आई आहे. म्हणजे हे दिसत नव्हतं असं नाही. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं ठरवलं, हा प्रश्न आहे.

माझं मत असं, की ‘सत्या’ची कीर्ती निम्मी रास्त आहे. हिंसेचं चित्रण त्याने बदललं, पण हिंसेची किंमत कोण मोजतं याचा हिशेब अर्धाच मांडला. हा प्रश्न मुंबईपुरता नाही. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाची घराबाहेर भरदिवसा गोळ्या घालून हत्या झाली. खंडणी, पिस्तूल, ‘भाई’ हे शब्द आता आपल्या गल्लीतले आहेत, आणि भिकूची ऐट पोरांना मोह घालते.

सिनेमावर बंदी मागण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट गटांनी तो मुलामुलींबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर दोन साधे प्रश्न विचारावेत. भिकू मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्यारीच्या घरी चूल कशी पेटली? आणि विद्याला सारं आधीच कळलं असतं, तर तिने काय केलं असतं? यावर मुलं काय बोलतात ते नीट लिहून ठेवा. पुढच्या शिबिराची सुरुवात तिथूनच करता येईल.