मुंबई-कराची, पण बेसबॉल!

मुंबई विरुद्ध कराची अशी मॅच, तीही दुबईत, आणि तीही बेसबॉलची! हे ऐकून पुण्याच्या मित्रांनी मला वेड्यातच काढलं. "क्रिकेट सोडून हे काय बघत बसलास?" हा प्रश्न तर ठरलेलाच. पण माझं मत विचाराल, तर घरच्यांना घेऊन बघायला जावं असा खेळ हाच. भारत-पाकिस्तान क्रिकेटपेक्षाही. का, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'बेसबॉल युनायटेड' या लीगचा पहिला पूर्ण सीझन नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये दुबई-अल ऐन रस्त्यावरच्या 'द सेव्हन्स' संकुलात झाला. एरवी ही जागा रग्बीसाठी प्रसिद्ध. संघ चारच : मुंबई कोब्राज, कराची मोनार्क्स, अरेबिया वुल्व्ज आणि मिडईस्ट फाल्कन्स. मैदान मात्र सगळ्यांचं एकच. म्हणजे 'मुंबई'चा संघ अख्ख्या सीझनमध्ये मुंबईत एकदाही खेळला नाही! नियमांतही थोडी गंमत. बॅटिंग करणारा संघ मध्येच एक सोनेरी चेंडू मागवू शकतो. त्यावर होम रन बसली तर धावा दुप्पट.

आता तुम्ही म्हणाल, ही तर नुसती दुकानदारी. आहेच. भारत-पाकिस्तानातले लाखो लोक इथे राहतात, त्यांना ओढायला ठेवलेली नावं ही. पण त्यात इथल्या जगण्यातलं एक सत्यही आलंय. या देशात दहातले जवळजवळ नऊजण परदेशी. इथे जन्मलेल्या परदेशी मुलाला इथलं नागरिकत्व आपोआप मिळत नाही, आणि बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. मग 'आपला संघ' म्हणायचं कुणाला? सोडून आलेल्या गावालाच! माझी सात वर्षांची लेक मुंबईला फक्त सुट्टीपुरती ओळखते, पण त्या संध्याकाळी कोब्राजसाठी घसा बसेपर्यंत ओरडली.

शेजारी कराचीचं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा तिच्याच वयाचा, पक्का मोनार्क्सवाला. नियम दोघांनाही धड ठाऊक नव्हते, त्यामुळे भांडायला मुद्दाच नव्हता. तिसऱ्या इनिंगपर्यंत दोघं मिळून नियम शोधून काढत होती. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने एकच प्रश्न विचारला, "घरापासून पळत निघायचं आणि फिरून घरीच यायचं, तर निघायचं कशाला?" म्हटलं, आई, परत 'होम'ला पोचलं तरच धाव मिळते. शेजारच्या आजींना हे हिंदीत सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "हमारे बच्चे तो लौटते ही नहीं." मग दोघी आज्या मॅच सोडून गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

खरं तर ही दोन शहरं एवढी परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली एन. जे. व्ही. शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. शेजारच्या गृहस्थांना शाळा माहीत होती, पण ती तीन अक्षरं कुणाची हे माहीत नव्हतं.

असो. याच शहरात १४ सप्टेंबर २०२५ला आशिया कपची मॅच झाली आणि आपल्या संघाने पाकिस्तानशी हात मिळवले नाहीत. त्यामागे त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं पहलगाम होतं. तिथे २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. ते दुःख ज्यांच्या घरात शिरलं त्यांना 'खेळ आहे, सोडून द्या' म्हणण्याचा अधिकार मला नाही. हात मिळवावेत की नाही, यावर माझा वादही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. देशाच्या नावाने खेळलेल्या मॅचवर एवढं ओझं असतं, की तिथे शेजारचा प्रेक्षक माणूस उरत नाही, बाजू होतो. मोठ्यांना ते ओझं कदाचित पेलेल. सात वर्षांच्या पोरीला 'शेजारी बसलेला मुलगा' ही ओळख आधी व्हायला हवी. बाकीचं जग तिला नंतर सांगणारच आहे.

म्हणून मला छोट्या लीगचं महत्त्व वाटतं. तिथे हरलं तर देशाचं नाक कापलं जात नाही. रिकाम्या खुर्च्या बऱ्याच असतात, खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात आणि पोरं मोकळी हिंडतात. यासाठी दुबईला यायची गरज नाही. तुमच्या तालुक्यात कबड्डी, खो-खोचे सामने होतातच की! पोरांना घेऊन जा. आणि जाताना एक करा : मुद्दाम समोरच्या संघाच्या लोकांत जाऊन बसा. बघा, जमतंय का!