चढावरचा मावळा
पोलादपूरजवळच्या उमरठमध्ये तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. पडद्यावर मावळा उभा करू पाहणाऱ्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी आधी या डोंगराळ मुलखातल्या वाटा चढाव्यात, असं मला मनापासून वाटतं. संगणकावरचे कितीतरी मावळे दिसायला देखणे असतात, पण चालू लागले की त्यांच्या अंगाला वजनच नसतं. पाऊल जमिनीवर टेकतं आणि तरीही पुढे घसरत राहतं, कारण पायांची चाल आणि धडाचा वेग यांचा मेळच बसवलेला नसतो. खरा माणूस चालतो म्हणजे दर पावलाला पडता पडता सावरतो. सपाटीवर सगळा भार एका पायावर आला की डोकं सर्वांत वर असतं, पुढचं पाऊल टेकून गुडघा वाकला की सर्वांत खाली; उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर किंचित उतरते, खांदे कमरेच्या उलट वळतात. सेकंदाला 24 चित्रं धरली तर साध्या पावलाला साधारण 12 चित्रं मिळतात, तेवढ्यात हे सगळं बसवायचं! चढावर तर हिशेबच बदलतो: धड पुढे झुकतं, पाऊल आखूड होतं, थकल्यावर हात मांडीवर येतो. डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईची मान स्थिर असते. सारे हिसके गुडघ्यांत आणि कमरेत जिरतात. मोशन कॅप्चरचं तंत्र खऱ्या माणसाची हालचाल नेमकी टिपतं, पण सपाट स्टुडिओत टिपलेली चाल इथल्या आंबेनळी घाटाच्या चढावर तशीच चिकटवली की पाय तरंगतात. म्हणून नोंद चढावरच घ्यावी, अंगावर खरं ओझं देऊन, आणि माणूस दमेपर्यंत.