झडप बसली, आता आयएनआर कुठे करायचा?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : हृदयाच्या झडपेच्या गरीब व आदिवासी रुग्णांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही उपचार मिळण्याबाबत मागणीपत्र

महोदय,

आधी ऋण मान्य करतो. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली नसती, तर या पत्राखाली सही करणाऱ्यांतले बरेच जण आज नसते. ती योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले आहे आणि झडप बदलण्याचे ऑपरेशन तीत बसते. आमचे भांडण ऑपरेशनच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांशी आणि नंतरच्या उभ्या आयुष्याशी आहे.

आमच्यातल्या बहुतेकांची झडप लहानपणीच्या रुमॅटिक तापाने गेली. एका खोलीत सात-आठ जण झोपतात अशा घरात घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप भरतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. आई तेल चोळते, सूज उतरते, सगळे विसरतात. पुढे ती मुलगी पहिलटकरीण होते, तिला दम लागतो आणि तेव्हा कळते की झडप आवळली आहे.

ताप येऊन गेलेल्या मुलाला दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन दिले, तर झडपेचे पुढचे नुकसान बरेचसे टळते. औषध स्वस्त आहे, आणि स्वस्त असल्यामुळेच ते बनवणारे थोडे. अधूनमधून बाजारातून गायब होते. पावडर पाण्यात कालवली की दुधासारखी दाट होते, बारीक सुईत अडकते, दोन दिवस कुल्ला ठणकतो. वर रिॲक्शनची धास्ती. ‘इथे काही झालं तर कोण निस्तरणार?’ म्हणून दवाखाना परत पाठवतो, आणि तीनदा परत आलेले मूल चौथ्यांदा जात नाही. हे इंजेक्शन आणि रिॲक्शनवरचे ॲड्रेनॅलिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही असावे. ते देणाऱ्या परिचारिकेला प्रशिक्षण मिळावे आणि काही अघटित घडल्यास शासन तिच्या पाठीशी राहील, असे लेखी मिळावे. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, हा आजार त्याच्या यादीतही आहे. पण वर्गाच्या गलक्यात नुसत्या स्टेथोस्कोपने झडपेचा आवाज पकडणे भल्याभल्यांना जमत नाही. नंदुरबार, गडचिरोली, पालघर आणि मेळघाटातल्या आश्रमशाळांत वर्षातून एकदा इको यंत्र न्यावे.

धातूची झडप बसली की रात्री सामसूम झाल्यावर छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. तिची सवय होते. ती बद्द झाली तर मात्र धावायचे, कारण झडपेवर गुठळी धरलेली असू शकते. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी मरेपर्यंत. डोस कमी पडला तर पक्षाघात, जास्त झाला तर रक्तस्राव. सगळा हिशेब रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआरच्या आकड्यावर, मायट्रल झडपेला साधारण अडीच ते साडेतीन. पुण्या-मुंबईत ही तपासणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांच्या पुढे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. धडगाव भागातल्या आमच्या एक सभासद बाई तपासणीसाठी जीप आणि एसटीने दोन दिवस घालवत, दोन दिवसांची मजुरी बुडवत. एकदा लॅबने रिपोर्टवर नुसते सेकंद लिहिले, आयएनआर लिहिलाच नाही. डॉक्टर फोनवर काय सांगणार? बाई जुनाच डोस घेत राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा डावा हात गेला. योजनेतल्या पाठपुराव्याला मुदत असते, गोळीला नसते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारे यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि गोळ्या आयुष्यभर मोफत मिळाव्यात. बाकी सगळे फेटाळले तरी एवढे फेटाळू नका.

ही गोळी गर्भालाही बाधू शकते. तरी लग्नाच्या वयाच्या मुलीला ही गोळी लागणारी धातूची झडप बसवायची की दुसरी, हे आजवर बापाला आणि नवऱ्याला विचारले गेले. तिला विचारावे, तिच्या बोलीत समजावून सांगावे.

किमतीचे थोडक्यात. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या कमाल किमती बांधल्या. झडपेला तसा लगाम नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने बनवलेली झडप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. परदेशी झडपांपेक्षा ती कितीतरी स्वस्त, आणि आजवर लाखाहून अधिक जणांच्या छातीत चालली आहे. म्हणजे स्वस्तात चांगली झडप होते. कमाल किमतीसाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

शेवटी नोंदींविषयी. अमेरिकेत 2011 ते 2016 दरम्यान कॅथेटरने झडप बसवलेल्या सुमारे 70 हजार रुग्णांची नोंदवही तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय 4 टक्क्यांहूनही कमी निघाले. लोकसंख्येत ते 13 टक्क्यांच्या आसपास आहेत. थोडा फरक आजाराच्या प्रमाणातला असेल, पण तिथे वंश लिहिला जातो म्हणून निदान प्रश्न तरी विचारता आला. आपल्याकडे योजनेतून झडप मिळालेल्यांत आदिवासी किती, बायका किती, कोणत्या तालुक्यातून एकही आला नाही, आणि वर्षभरानंतर कितीजण जिवंत होते, हे दरवर्षी जाहीर करावे.

चर्चेसाठी वेळ द्यावी, शक्यतो मंगळवार सोडून. त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्यांची ओपीडी असते.

आपले,
झडपेचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक