प्रूफरीडर रजेवर गेला तर?

तुमच्या ऑफिसात असा एक तरी माणूस असेल, जो नेमकं काय करतो हे तो रजेवर गेल्यावरच कळतं. आमच्या धंद्यात त्याला प्रूफरीडर म्हणतात. मी नवीन असताना असाच एक काका चार दिवस सुट्टीवर गेला आणि माझ्या बातमीचं हेडिंग छापून आलं... ‘रविवारी वधूवध मेळावा’! ‘र’च्या जागी ‘ध’. फक्त एक अक्षर, बॉस! संपादकांनी काय काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

हा किस्सा मी पार्टीत खूपदा ऐकवलाय. गेल्या महिन्यात मात्र तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आठवला, आणि अजिबात हसू आलं नाही.

माझा मामा ४७ वर्षांचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली. डॉक्टर म्हणाले, ‘‘यांच्या गाठीत डीएनएची रिपेअर करणारं एक प्रोटीन दिसत नाहीये. रक्ताची जेनेटिक टेस्ट करू. आणि बहीण-भावांशीही बोलावं लागेल.’’ मामाची बहीण म्हणजे माझी आई. मी मान डोलावली. मास कॉमवाल्यांना न कळताही मान डोलवायची चांगली प्रॅक्टिस असते!

बाहेर आल्यावर मामीनं माझा हात धरला. ‘‘अगं, यांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. माझ्या हातचं तिखट नडलं का गं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्या रात्री वाचत बसले.

तर फंडा असा आहे. एका पेशीच्या दोन पेशी होण्याआधी तिला आपला सगळा डीएनए कॉपी करावा लागतो. आईकडून आलेली सुमारे ३ अब्ज अक्षरं, बाबांकडून तेवढीच. अक्षरं मात्र चारच : ए, टी, जी आणि सी. ए समोर टी बसतो, जी समोर सी. जॅकेटच्या चेनसारख्या दोन पट्ट्या उघडतात आणि प्रत्येक जुन्या पट्टीसमोर नवी जोडीदार पट्टी तयार होते. म्हणजे हे झेरॉक्ससारखं नाही. प्रत्येक कॉपीत एक पट्टी जुनी, एक नवी. मेसेल्सन आणि स्टाल या दोघांनी १९५८ मध्ये बॅक्टेरियांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं.

नवी पट्टी जुळवण्याचं काम पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. आपल्या पेशीत त्याचा स्पीड सेकंदाला साधारण ५० अक्षरं. एकाच टोकाकडून सुरुवात केली तर आपलं सर्वांत मोठं क्रोमोसोम कॉपी व्हायला जवळजवळ दोन महिने लागतील! म्हणून पेशी हजारो ठिकाणी एकदम काम सुरू करते आणि सुमारे आठ तासांत संपवते. चक्क एक शिफ्ट.

एवढ्या घाईत टायपो होणारच. साधारण एक लाख अक्षरांमागे एक चूक. सहा अब्जांचा हिशेब केला तर एका कॉपीत ६० हजार चुका! पण पॉलिमरेजकडे स्वतःची बॅकस्पेस आहे. चुकीचं अक्षर बसलं की ते थबकतं, अक्षर काढतं, बरोबर बसवतं. तरीही काहीशे चुका उरतात. मग येतो खरा प्रूफरीडर. काही प्रोटिन्सची टीम नव्या पट्टीवरून फिरते, न जुळणारी जोडी शोधते, तेवढा तुकडा कापून परत लिहून घेते. मूळ कॉपी कुठली हे तिला कसं कळतं? नव्या पट्टीत अजून जोडायच्या राहिलेल्या फटी असतात, त्यावरून. या रिपेअरचं गणित उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं. शेवटी सहा अब्ज अक्षरांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच चुका राहतात.

मामाच्या त्या गाठीत हाच प्रूफरीडर गायब होता.

असं कधी कधी जन्मानंतर, फक्त त्या गाठीपुरतंही होतं. पण काही घराण्यांत ते वारशानं येतं, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. यांची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली. दुसरी वर्षानुवर्षं इमानदारीत काम सांभाळते. मग कधीतरी एखाद्या पेशीत तीही बिघडते. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, म्हणजे तिथे कॉपीचं काम सतत चालू. चुका साठत जातात.

मामाच्या रक्तात तो बिघाड सापडला तर आईलाही असण्याची शक्यता निम्मी. तिला असला तर मला निम्मी. माझं वय २८. गणितात कच्ची असले तरी हे गणित मी रात्री तीनदा केलं.

पण या टेस्टचा उपयोग आहे, सॉलिड उपयोग आहे. बिघाड असणाऱ्यांची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. कॅन्सर होण्याआधीच्या छोट्या गाठी तिथल्या तिथे काढून टाकता येतात. पेशीतला प्रूफरीडर नसेल तर बाहेरून एक नेमायचा, एवढंच.

याचा अर्थ ‘सगळं नशिबातच आहे’ म्हणून सिगारेट पेटवायला मोकळे, असं समजू नका हं! तंबाखूचा धूर थेट डीएनएची अक्षरं बिघडवतो. टायपो आधीच होतायत, त्यात आणखी कशाला भर?

मामीला सांगितलं, ‘‘तुझ्या तिखटाचा काही संबंध नाही.’’ ती बराच वेळ गप्प बसली. मग डोळे पुसत म्हणाली, ‘‘मग महिनाभर मी आळणी का जेवतेय?’’

आई मात्र अडून बसली होती. ‘‘मला काही झालेलं नाही, टेस्ट कशाला?’’ मी विचारलं, ‘‘आजोबा कशानं गेले?’’ ‘‘पोटाच्या दुखण्यानं.’’ ‘‘कितव्या वर्षी?’’ ती थांबली. ‘‘पन्नाशीच्या आतच.’’ कुठलं दुखणं, हे तेव्हा घरात कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्हीही आज घरी विचारून बघा. कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी. जवळच्या नात्यात असे दोन-तीन आजार दिसले, तर डॉक्टरांना नक्की सांगा.

काल रात्री आईचा फोन आला. मामाचा रिपोर्ट शनिवारी मिळणार आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘त्यात काही निघालं, तर माझ्या टेस्टला येशील ना सोबत?’’