दोन हजार कोणाच्या खात्यात गेले?

टाळेबंदी लागून दोन दिवस होत नाहीत तोच, २६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी २,००० रुपये मिळणार होते. पण हे पैसे नवे नव्हते. पी. एम. किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासूनच मंजूर होते. त्यातला एप्रिल ते जुलैचा हप्ता आधी दिला, इतकेच. पगार चार दिवस लवकर दिला म्हणून कोणी त्याला बोनस म्हणते काय?

तरी नाशिककडे द्राक्षे वेलीवर वाळत असताना ते दोन हजारही उपयोगी पडले, हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न ज्यांना ते मिळालेच नाहीत त्यांच्याबद्दल आहे.

योजनेची अट एकच, जमिनीच्या कागदावर नाव हवे. २०११ च्या जनगणनेत शेतकरी ११ कोटी ८८ लाख, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख होते. मजुरांच्या घरी मोफत धान्य आले, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले, हे खरे. रोजगार हमीची सरासरी मजुरीही १८२ वरून २०२ रुपये केली, पण पहिल्या आठवड्यांत कामेच बंद होती. मग ती वाढ मागायची कोणाकडे? आणि बिहारचा बटाईदार, आंध्रचा कौलु रैतु, आपल्याकडचा वाटेकरी, हे तर शेतकरी असूनही यादीत नाहीत.

इथे आम्हाला स्वतःकडेही पाहावे लागेल. या योजनेतून सरकारी नोकर वगळले आहेत, मात्र चतुर्थ श्रेणीला सूट आहे. ती रास्तच आहे. पण आमच्या कित्येक गँगमन बंधूंची गावाकडची दोन-तीन एकर जमीन भाऊबंद नाहीतर शेजारी वाट्याने कसतो. टाळेबंदीत आमचा पगार चालू होता. (महागाई भत्ता १८ महिने गोठवला, ते भांडण वेगळे, आणि ते आम्ही सोडलेले नाही.) हप्ता आला तोही आमच्याच खात्यात. बियाणे उधारीने आणणाऱ्या वाटेकऱ्याला मात्र काही नाही.

त्याला आपण लिहून का देत नाही? कारण १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती. कागद केला तर कूळ लागेल, जमीन जाईल. ही भीती अगदीच खोटी नाही. मालकी शाबूत ठेवून भाडेपट्टा लिहिता यावा असा नमुना कायदा नीती आयोगाच्या समितीने २०१६ साली करून दिला होता. ओडिशाने तर डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या कालिया योजनेत वाटेकरी धरले, भूमिहीन कुटुंबांनाही शेळ्या-कोंबड्यांसारख्या जोडधंद्यासाठी १२,५०० रुपये ठेवले. म्हणजे सातबारा नसलेला माणूस सरकारी यादीत बसतो, बसवायचा असेल तर.

ग्रामपंचायतीत वाटेकरी आणि शेतमजूर यांची नोंदवही ठेवावी व पुढच्या कोणत्याही संकटात मदत त्या वहीप्रमाणे द्यावी, अशी मागणी फेडरेशनने सरकारकडे लावून धरली पाहिजे. तोवर ज्या सभासदांची जमीन वाट्याने आहे, त्यांनी येणाऱ्या हप्त्यातला हिस्सा वाटेकऱ्याला द्यावा. शाखांनी हा विषय खरिपाच्या पेरणीआधी सभेत घ्यावा. वादावादी होईल. होऊ द्या.