आई हाच पहिला उपचार

पोटात असतानाच अफूजन्य औषधांची सवय लागलेलं बाळ जन्मल्यावर थरथरतं, किंचाळून रडतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं अशा बाळाच्या जांभया-शिंकासुद्धा मोजून, गुण ठरावीक आकड्यापुढे गेले की मॉर्फिन दिलं जाई. येल-न्यू हेवन रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्याऐवजी तीनच प्रश्न ठेवले: बाळ दूध पितं का, झोपतं का, कुशीत घेतल्यावर शांत होतं का? खोलीत मंद उजेड, जवळ आई. तिथला सरासरी मुक्काम २२ दिवसांवरून सहावर आला. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६ रुग्णालयांतल्या या पद्धतीच्या चाचणीतही बाळं लवकर घरी जाण्याजोगी झाली. जिच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहिलं जातं, तीच इथे उपचार ठरली, हे मला फार मोलाचं वाटतं. मग तिला खाट, जेवण आणि तिच्या स्वतःच्या व्यसनमुक्तीचे उपचारही तिथेच मिळायला हवेत.